विश्लेषण : तारांकित फुटबॉलपटू निघून गेल्यावर क्लबचे काय होते?

छत्रपती संभाजीनगरचा एकही क्लब इंडियन सुपर लीग (आयएसएल) किंवा आय-लीगमध्ये नाही. त्यामुळे गारखेडा परिसरातील विभागीय क्रीडा संकुल असो की शहरातले दुसरे एखादे मैदान, इथला फुटबॉलप्रेमी आपला संघ निवडतो तो बहुधा खेळाडू पाहून. कुणी मेसीमुळे बार्सिलोनाचा, कुणी सुनील छेत्रीमुळे बंगळूरुचा, तर कुणी गोव्यातल्या नातेवाइकांमुळे एफसी गोवाचा चाहता होतो. मात्र तो खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्याच जर्सीत दिसला, की प्रश्न उरतो : आता या संघाचे काय? एका खेळाडूवर क्लब इतका अवलंबून का राहतो? तो गेल्यावर काही संघ सावरतात, तर काही थेट तळाला जातात, असे का होते? महाराष्ट्राला जवळच्या असलेल्या गोवा आणि मुंबई येथील क्लबच्या गेल्या दोन दशकांच्या अनुभवात याची उत्तरे सापडतात.

अवलंबित्व नेमके कशाचे?

तारांकित खेळाडू गेला म्हणजे त्याचे गोल गेले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नुकसान तीन पातळ्यांवर होते. पहिले नुकसान गोलांचे. दुसरे नुकसान संघाच्या सवयींचे. एखादा आघाडीपटू तीन हंगाम एकाच जागी खेळला, की मध्यरक्षक न बघताही त्याच्या धावेच्या दिशेने पास देऊ लागतात आणि प्रतिस्पर्धी त्याच्यावर दोन बचावपटू ठेवतो म्हणून इतरांना जागा मिळते. तो गेला की ही जागाही जाते. तिसरे नुकसान मैदानाबाहेरचे. जर्सीची विक्री, प्रायोजक, तिकिटे आणि समाजमाध्यमांवरील चाहते यांचा मोठा वाटा त्याच्या नावावर असतो.

भारतात यात आणखी एक अडचण आहे. आयएसएलमधील अनेक परदेशी आघाडीपटू तिशी ओलांडल्यावर, एक-दोन वर्षांच्या करारावर येतात. म्हणजे तो जाणार हे क्लबला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. प्रश्न एवढाच, की त्या दिवसाची तयारी कधी सुरू होते.

कोरो गेल्यावर एफसी गोवाचे काय झाले?

स्पेनचा फेरान कोरोमिनास उर्फ कोरो २०१७मध्ये वयाच्या ३४व्या वर्षी एफसी गोवाकडे आला. पुढच्या तीन हंगामांत त्याने आयएसएलमध्ये ५७ सामन्यांत ४८ गोल केले. त्या वेळी हा लीगमधील विक्रम होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या आक्रमक शैलीत कोरोच्या मागे ह्युगो बुमूस, अहमद जाहू, एदू बेदिया आणि ब्रँडन फर्नांडिस अशी फळी होती. या संघाने २०१९मध्ये सुपर कप जिंकला. २०१९-२०मध्ये साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

त्याच वर्षी ही घडी विस्कटली. हंगाम संपण्याआधीच लोबेरा यांना हटवण्यात आले. नंतर कोरोने क्लब सोडला. बुमूस, जाहू, बचावपटू मूर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे चौघे मुंबई सिटीत दाखल झाले. लोबेराही तिथेच प्रशिक्षक झाले. संघाचा अर्धा कणा शेजारच्या राज्यात गेला, असेच म्हणावे लागेल.

तरीही गोवा कोसळला नाही. नवे प्रशिक्षक ह्वान फेरान्डो यांनी चेंडू ताब्यात ठेवून खेळण्याची जुनी शैली कायम राखली. बेदिया, ब्रँडन, सेरिटन फर्नांडिस असे खेळाडू संघातच होते. कोरोच्या जागी आलेल्या ३६ वर्षांच्या इगोर अँग्युलोने १४ गोल करून ‘गोल्डन बूट’ पटकावला. गोव्याने चौथे स्थान मिळवले. उपांत्य फेरीत मुंबई सिटीविरुद्धचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि गोव्याचा पराभव झाला तो पेनल्टी शूटआऊटमध्ये, तोही ‘सडन डेथ’पर्यंत झुंजून.

किंमत मात्र मोजावी लागली आणि ती आकड्यांत दिसते. २०१९-२०मध्ये साखळीतील १८ सामन्यांत गोव्याने ४६ गोल केले होते. पुढच्या हंगामात २० सामन्यांत ३१ गोल झाले. बरोबरीत सुटलेले सामने तीनवरून दहावर गेले. पराभव दोन्ही हंगामांत तीनच. म्हणजे संघ हरू लागला नव्हता, पण पूर्वी जिंकायचा ते सामने आता बरोबरीत सुटत होते. तारांकित आघाडीपटू गेल्याचा परिणाम बहुतेक वेळा असाच आधी बरोबरीच्या रकान्यात दिसतो.

मग वर्षभरात नवव्या क्रमांकावर घसरण का?

२०२१मध्ये अँग्युलोही मुंबई सिटीकडे गेला. गोव्याने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्युरँड कप जिंकला, त्यामुळे सगळे सुरळीत असल्याचे चित्र होते. पण आयएसएल हंगाम सुरू असतानाच डिसेंबरमध्ये फेरान्डो यांनी एटीके मोहन बागानची वाट धरली. त्या हंगामात गोव्याला २० पैकी चारच सामने जिंकता आले आणि संघ नवव्या स्थानी राहिला.

दोन हंगामांची तुलना बोलकी आहे. पहिल्या वेळी कोरोसह अनेक जण गेले, पण नवा प्रशिक्षक हंगामापूर्वी आला आणि त्याने खेळण्याची पद्धत तीच ठेवली. दुसऱ्या वेळी गोल करणारा गेला आणि पद्धत शिकवणारा हंगामाच्या मध्यावर गेला.

तिसरे उदाहरण २०२४चे. गोव्यासाठी आदल्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा नोआ सदौई केरळ ब्लास्टर्सकडे गेला. सात वर्षे गोव्याकडून खेळलेला कर्णधार ब्रँडन मुंबई सिटीत गेला. प्रशिक्षक मानोलो मार्क्वेझ मात्र राहिले. गोवा आदल्या वर्षी तिसरा होता, २०२४-२५मध्ये दुसरा आला आणि मे २०२५मध्ये जमशेदपूरला ३-० असे नमवून त्याने सुपर कपही जिंकला. दोन मोठी नावे जाऊनही संघ एक पायरी वर चढला.

मुंबई सिटीला काय जमले, काय नाही?

गोव्याचा कणा आपल्याकडे आणणाऱ्या मुंबई सिटीने २०२०-२१मध्ये साखळीतील विजेत्याची ढाल आणि आयएसएल करंडक, दोन्ही जिंकले. एकमेकांची सवय असलेले प्रशिक्षक आणि खेळाडू एकत्रच घेतले, तर नवा संघही पहिल्याच वर्षी जुळून येतो, हे त्यातून दिसले. पण लोबेरा वर्षभरात गेले आणि पुढच्या हंगामात मुंबई पाचव्या स्थानी घसरली.

डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पुन्हा उभा राहिला आणि २०२२-२३मध्ये साखळीत अव्वल ठरला. त्यानंतर जाहू आणि फॉल ओडिशाकडे गेले. नोव्हेंबर २०२३मध्ये बकिंगहॅम इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले आणि जानेवारीत संघाचा सर्जनशील खेळाडू ग्रेग स्टुअर्टनेही निरोप घेतला. इतके होऊनही ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने करंडक उंचावला. याचे कारण देशी फळीत होते. लालियानझुआला छांगटे, बिपिन सिंग, अपुइया, राहुल भेके, मेहताब सिंग आणि गोलरक्षक फुर्बा लाचेनपा हे सारे जागेवर होते. नवे प्रशिक्षक पीटर क्रॅट्की यांनी याच फळीच्या आधारे हंगाम तडीस नेला.

त्याच उन्हाळ्यात ही फळी विरळ झाली. मधल्या फळीचा आधार असलेला अपुइया मोहन बागानकडे, तर बचावातील भेके, आघाडीपटू होर्हे परेरा दियाझ आणि अल्बेर्तो नोगेरा हे तिघे बंगळूरुकडे गेले. बचाव, मधली फळी आणि आघाडी या तिन्ही ठिकाणचा एकेक आधार एकाच वेळी गेला. प्रशिक्षक कायम राहूनही २०२४-२५मध्ये मुंबई सहाव्या स्थानी राहिली आणि बाद फेरीत बंगळूरुकडून ०-५ अशी हरली. आदल्या हंगामात दहावा असलेला बंगळूरु अंतिम फेरीत पोहोचला. तिथे त्याला हरवून करंडक जिंकणाऱ्या मोहन बागानमध्ये अपुइया होता.

धेंपोचा इतिहास काय सांगतो?

आयएसएलच्या आधी गोव्यातील सर्वात यशस्वी क्लब होता धेंपो. या क्लबवर आलेला प्रसंग कोणत्याही बदलीपेक्षा भयंकर होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरुत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो मैदानातच कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्याच हंगामात संघाने राष्ट्रीय लीगचे आपले पहिले जेतेपद मिळवले.

प्रशिक्षक अर्मांदो कुलासो यांच्या काळातील पाच राष्ट्रीय जेतेपदांपैकी ते पहिले. पुढची २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ची. या यशात गोल करणारा चेहरा होता नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. त्याच्याभोवती क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी गोव्याची भक्कम फळी होती. २०११-१२मध्ये रँटीने आय-लीगमध्ये ३२ गोल केले आणि त्यानंतर तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. रँटी २०१२-१३मध्येही लीगमध्ये सर्वाधिक २६ गोल करणारा ठरला, पण जेतेपद प्रयागला नव्हे, चर्चिल ब्रदर्सला मिळाले. गोल त्याच्यासोबत गेले, यश गेले नाही. दुसरीकडे, धेंपोलाही रँटीविना पूर्वीचे दिवस परत आणता आले नाहीत. कुलासो यांनी २०१३मध्ये क्लब सोडला. गोव्याच्या त्या चारही आधारस्तंभांनी तोपर्यंत तिशी ओलांडली होती. २०१४मध्ये आयएसएल सुरू झाली आणि पैसा व लक्ष तिकडे वळले. २०१४-१५मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. पुढच्याच वर्षी वर येण्याचा हक्क मिळवूनही २०१६मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवासह त्याने आय-लीगमधून माघार घेतली. आय-लीगमध्ये परतायला २०२४-२५चा हंगाम उजाडावा लागला.

म्हणजे ज्युनियरच्या मृत्यूनंतर धेंपो उभा राहिला, कारण प्रशिक्षक आणि स्थानिक फळी तेव्हा बहरात होती. रँटी गेला तेव्हा या दोन्ही गोष्टी संपत आल्या होत्या.

युरोपातील श्रीमंत क्लब काय करतात?

पैसा असला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. २०१३मध्ये टॉटनहॅमने गॅरेथ बेलला त्या वेळच्या विक्रमी रकमेला रेआल माद्रिदला विकले आणि सात नवे खेळाडू घेतले. एका वेळी सात जणांना सामावून घेणे जमले नाही. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक गेले आणि पाचवा असलेला संघ सहावा आला. त्या सातपैकी ख्रिस्तियन एरिक्सन पुढे क्लबचा आधार बनला, पण त्यासाठी वेळ जावा लागला.

लिव्हरपूलने २०१८मध्ये वेगळा मार्ग धरला. फिलिप कुटिन्हो बार्सिलोनाला विकल्यावर त्याच्यासारखाच दुसरा खेळाडू शोधण्याऐवजी क्लबने स्वतःची दुखरी जागा पाहिली. ती होती बचाव. त्याच जानेवारीत बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक आला आणि त्या वर्षी उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसन. २०१९मध्ये लिव्हरपूल युरोपचा विजेता ठरला. उपांत्य फेरीत त्याने ४-० असा धुव्वा उडवला तो बार्सिलोनाचा आणि त्या संघात कुटिन्होही होता.

बार्सिलोनाने ऑगस्ट २०२१मध्ये मेसीला गमावले ते पगाराच्या मर्यादेमुळे. ६७२ गोल करणाऱ्या खेळाडूला पर्याय विकत घ्यायला पैसेच नव्हते. त्या हंगामात संघ चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतच बाद झाला. पुढे २०२२-२३मध्ये स्पॅनिश लीग जिंकताना आणि त्यानंतरच्या काळात क्लबला आधार मिळाला तो स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या गावी, बाल्दे, लमिन यमाल यांसारख्या मुलांचा.

राष्ट्रीय संघाचीही हीच गत?

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कुवेतविरुद्ध खेळून ९४ आंतरराष्ट्रीय गोलांसह निवृत्ती घेतली. त्याची जागा घेणारा आघाडीपटू सापडेना. मार्च २०२५मध्ये वयाच्या ४०व्या वर्षी त्याला परत यावे लागले आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. तरीही ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ अशा पराभवानंतर २०२७च्या आशियाई करंडकाची भारताची संधी संपली. आयएसएल क्लब आघाडीची जागा बहुधा परदेशी खेळाडूला देतात. त्यामुळे त्या जागी भारतीय मुलांना पुरेसे सामनेच मिळत नाहीत. क्लब बाजारातून नवा आघाडीपटू आणू शकतो, देशाला मात्र तो घडवावाच लागतो.

खेळाडू घडवणाऱ्या लहान क्लबला काय मिळते?

मोठे क्लब ज्यांना तारे म्हणून घेतात, ते आधी कुठल्यातरी लहान मैदानावर खेळलेले असतात. त्यासाठी ‘फिफा’च्या नियमांत तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय बदलीत मोजलेल्या रकमेपैकी ५ टक्के रक्कम, खेळाडू १२ ते २३ वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबमध्ये वाटली जाते. १२ ते १५ या वयातील प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या पाव टक्का आणि १६ ते २३ या वयातील प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का असा हा हिशेब असतो. याशिवाय तरुण खेळाडूच्या प्रशिक्षणाची वेगळी भरपाईही असते.

पण करार संपल्यावर खेळाडू मोफत गेला, तर वाटायला रक्कमच नसते. शिवाय तो कोणत्या वर्षी कोणत्या क्लबमध्ये होता याची नोंद लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी व्यवस्था त्यासाठीच महत्त्वाची ठरते. नोंद नसलेल्या क्लबच्या वाट्याला फक्त ‘तो आमच्याकडे खेळायचा’ ही आठवण उरते.

गारखेड्यातील संघांनी यातून काय घ्यावे?

शालेय आणि वयोगटांच्या फुटबॉलमध्ये तारांकित खेळाडू कधी जाणार, हे त्याच्या जन्मदाखल्यावरच लिहिलेले असते. सुब्रतो मुखर्जी चषकात १५ आणि १७ वर्षांखालील गट असतात. वय ओलांडले की तो खेळाडू संघाबाहेर. त्याआधीच दहावी-बारावीची शिकवणी त्याला मैदानापासून दूर नेऊ शकते. फारच चांगला असेल तर निवासी प्रशिक्षण मिळते. भारताकडून २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. अशी निवड झाली तर मागे राहिलेल्या संघाने टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवा आघाडीपटू उभा करायचा.

तो उभा करण्याची तयारी आधीच करता येते आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही. महिन्यातून एखादा सराव सामना मुख्य खेळाडूला बाहेर बसवून खेळावा. संघाला त्याच्याविना चेंडू पुढे नेता येतो का, हे तेव्हाच कळते. सामना हातात असताना शेवटची १५-२० मिनिटे खालच्या वयोगटातील मुलाला त्याच जागी उतरवावे. १४ आणि १७ वर्षांखालील संघांना एकाच पद्धतीने खेळायला शिकवावे, म्हणजे वर जाणाऱ्या मुलाला सगळे नव्याने शिकावे लागणार नाही. फ्री किक, कॉर्नर, पेनल्टी ही कामे एकाच पायावर न ठेवता तिघांत वाटावीत. प्रत्येक खेळाडूची अधिकृत नोंदणी वेळेवर करावी.

चाहत्यांसाठीही एक सोपी कसोटी आहे. आवडत्या संघाचा तारा निघाल्याची बातमी मोबाइलवर आली, की तीन गोष्टी तपासाव्यात. प्रशिक्षक राहतो आहे का? आला असेल तर तो त्याच पद्धतीने खेळवणारा आहे का? आणि संघातील देशी किंवा अकादमीत घडलेली फळी शाबूत आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर पहिले काही सामने बरोबरीत सुटले तरी काळजीचे कारण नाही. तिन्ही नकारार्थी असतील, तर कितीही मोठ्या नावाची बदली जाहीर झाली तरी हंगाम कठीण जाणार, असे समजावे.